आत्याचा कॉम्प्युटर आणि सॉकेटचा घोळ



मागच्या दिवाळीत फराळाला आत्याकडे गेले होते. तिने चकलीच्या ताटलीबरोबर एक कागदही पुढे सरकवला. "हे बघ गं जरा. कॉम्प्युटरवाल्याने लिहून दिलंय. मला यातलं 'एकूण' एवढंच कळलं."

एकूण होतं अडुसष्ट हजार.

आत्याला आपल्या मंडळातले बहुतेक जण ओळखतात. गेली बारा वर्षं आपल्या स्मरणिकेची अक्षरजुळणी तीच करते. शाळेतून निवृत्त झाली त्या वर्षी आतोबांनी तिला हा डेस्कटॉप जुळवून दिला, २०१३ साली. आतोबा आता नाहीत, पण त्यांच्या हातचं लेबल कॅबिनेटवर अजून आहे. मशीन अलीकडे फार मंदावलं होतं. "बटण दाबते आणि दूध तापत ठेवते. दूध उतू जायला येतं तरी हा उठत नाही," असं ती म्हणायची. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे अपडेट थांबले. बँक, पेन्शन, हयातीचा दाखला, सगळं ती यावरच करते. त्यामुळे तिला काळजी वाटत होती, आणि ती वाजवी होती.

मी कागद वाचला. नवा प्रोसेसर, एएम५ सॉकेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम, एसएसडी, नवा मॉनिटर, नवं कॅबिनेट. मी सॉफ्टवेअरवाली, घरातली 'कॉम्प्युटरमधली'. ऐटीत म्हणाले, "आत्या, बरोबर दिलंय त्याने. हा सॉकेट पुढे बरीच वर्षं चालणार. उद्या प्रोसेसर बदलावासा वाटला तर फक्त प्रोसेसर बदलायचा."

आत्या म्हणाली, "बरं." कागदाची घडी घालून तिने डब्याखाली ठेवली. निघताना चपला घालत होते तेव्हा ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "मग उजवा डोळा पुढच्या दिवाळीला बघू."

तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. उजव्याचं पाडव्याच्या आत करायचं ठरलं होतं आणि त्याचे पैसे बाजूला काढलेले होते. चपला काढून मी परत आत आले आणि तो कागद पुन्हा मागितला.

आज त्याच कागदाबद्दल लिहायचं आहे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप आहे आणि अनेकांच्या हातात असा कागद पडणार आहे.

सॉकेट म्हणजे काय?

मदरबोर्डवर प्रोसेसर ज्या चौकोनी खोबणीत बसतो, ती म्हणजे सॉकेट. घरात पिनांचा बल्ब असतो तसा आट्यांचाही असतो. पिनांच्या होल्डरला आट्यांचा बल्ब बसत नाही, मग तो कितीही चांगला असो. प्रोसेसरचंही तसंच आहे. इंटेलच्या सॉकेटच्या नावातला आकडा हा त्यातल्या संपर्कबिंदूंचा असतो. एलजीए ११५५ म्हणजे ११५५ बिंदू, एलजीए १७०० म्हणजे १७००. इंटेलच्या या सॉकेटांमध्ये नाजूक पिना मदरबोर्डवर असतात आणि प्रोसेसरचा तळ सपाट असतो. एएमडीच्या एएम४ मध्ये उलट, पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ पासून एएमडीनेही पिना बोर्डवर नेल्या.

पण सॉकेटबरोबर रॅमचाही प्रकार ठरतो, आणि खर्चाचं खरं गणित तिथे आहे. ११५५ बरोबर डीडीआर३ रॅम येते. एएम४ बरोबर डीडीआर४. एएम५ बरोबर फक्त डीडीआर५. एलजीए १७०० मध्ये मात्र दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. एका प्रकारची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. म्हणून 'नुसता प्रोसेसर बदलायचाय' म्हणून निघालेला माणूस मदरबोर्ड आणि रॅमही घेऊन घरी येतो.

माझी स्वतःची फजिती

आकडा जुळला म्हणजे काम झालं, असं समजू नका. ते मी पैसे देऊन शिकले आहे.

२०१७ च्या सुरुवातीला, नोकरीच्या पहिल्या वर्षांत, मी एक स्वस्तातला डेस्कटॉप जुळवला. एलजीए ११५१ चा बोर्ड, त्यावर साधा पेंटियम. बेत असा की पैसे साठले की त्याच बोर्डवर दमदार प्रोसेसर टाकायचा. पुढच्या वर्षी आठव्या पिढीचा आय५-८४०० घेतला. खोक्यावर ११५१ लिहिलेलं, माझ्या बोर्डवरही ११५१. प्रोसेसर अलगद बसला. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळाच राहिला.

इंटेलने २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आणली तेव्हा आकार आणि आकडा तोच ठेवला, पण आतली जोडणी बदलली. त्या प्रोसेसरना ३०० मालिकेचा चिपसेट असलेला बोर्डच लागतो, माझा २०० मालिकेचा होता. कुकरची रिंग झाकणात चपखल बसावी आणि तरी वाफ धरू नये, तसं झालं. खोकं फोडलेलं, त्यामुळे दुकानाने परत घेतलं नाही. चूक माझीच होती, मी यादी बघितली नव्हती. शेवटी नवा बोर्ड घ्यावा लागला.

तेव्हापासून एक नियम पाळते. सॉकेटचा आकडा बघून प्रोसेसर घ्यायचा नाही. आपल्या बोर्डचं नेमकं मॉडेल कंपनीच्या वेबसाइटवर शोधायचं आणि 'सीपीयू सपोर्ट लिस्ट' उघडायची. त्यात प्रोसेसरचं नाव आणि तो बायोसच्या कुठल्या आवृत्तीपासून चालतो, हे दिलेलं असतं. नाव नसेल तर घ्यायचा नाही. नाव असेल पण बायोस नवा लागत असेल, तर जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस अपडेट करून घ्यायचा.

पहिला रस्ता: आहे त्याच सॉकेटवर राहणं

आत्याच्या मशीनमध्ये काय होतं ते आधी बघितलं. विंडोजच्या सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' टाइप केलं की प्रोसेसर आणि बोर्ड दोन्हींची नावं दिसतात. आय३-३२२०, दोन कोअर. एच६१ चिपसेटचा बोर्ड, सॉकेट एलजीए ११५५. चार जीबी डीडीआर३. आणि जुनी फिरती हार्डडिस्क.

दूध उतू जाईपर्यंत उठत नाही, त्यातला मोठा दोष या हार्डडिस्कचा. दुसरा रॅमचा. प्रोसेसरचा नंबर तिसरा. याच बोर्डवर साधी साटा एसएसडी आणि आठ जीबी रॅम टाकली असती तरी फरक डोळ्यांनी दिसला असता. शिवाय ११५५ वर चार कोअरचे आय५-३४७० किंवा आय७-३७७० बसू शकतात. ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता हाच.

अडचण वेगाची नव्हती. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर अशी अट घातली आहे. ११५५ वर बसणारा एकही प्रोसेसर त्यात येत नाही. विंडोज १० ला नोंदणी करणाऱ्यांसाठी एक वर्षाची मुदतवाढ आहे, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. ज्यांचं काम लिनक्सवर भागतं त्यांनी जुना सॉकेट खुशाल ठेवावा, एसएसडी टाकावी आणि आणखी काही वर्षं काढावीत. आत्याची अक्षरजुळणी विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि बँकही त्याच मशीनवर. तिच्यासाठी हा रस्ता वर्षभराचाच होता.

दुसरा रस्ता: सगळ्यात नवा सॉकेट

म्हणजे कागदावरचा एएम५. याची बाजू कमकुवत नाही. एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही एएम५ चालवू असं जाहीर केलं आहे. त्यांच्या आधीच्या एएम४ चा इतिहास बघितला तर त्यावर विश्वास बसतो. पहिले रायझन २०१७ च्या मार्चमध्ये आले. त्या वेळच्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ मधला रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. पाच वर्षांनी, त्याच बोर्डवर. त्याच काळात इंटेलकडे ११५१ चे दोन अवतार, मग २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७०० असे बदल झाले. २०२४ मध्ये तर १८५१ आला.

हे सगळं मी आत्याला उत्साहाने समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू आजपर्यंत त्याच बोर्डवर प्रोसेसर कितीदा बदललास गं?"

मी गप्प. एकदा बदलायला गेले, त्याची गोष्ट वर सांगितलीच आहे. तेव्हाही बोर्ड बदलावा लागला होता.

"आणि आम्ही?"

आतोबांनी २०१३ मध्ये बसवलेला प्रोसेसर त्याच जागी होता. उष्णता वाहून नेणारी पेस्टसुद्धा तीच, वाळून खडू झालेली.

माझी चूक इथे झाली होती. सॉकेटचं आयुष्य ही गोष्ट तेव्हाच कामाची, जेव्हा आपण ते खरंच वापरणार असतो. दर दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलणारे लोक आहेत. गेम खेळणारी मुलं, व्हिडिओ एडिटिंगवर पोट असणारे, थ्रीडीचं काम करणारे. माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगला आहे, त्याला मी एएम५ च घ्यायला सांगितलं. आज साधा सहा कोअरचा प्रोसेसर, नोकरी लागली की मोठा. तो बदलणार हे मला ठाऊक आहे. पण जो माणूस एकदा घेतलेलं मशीन दहा वर्षं हलवत नाही, त्याने 'पुढे सोय राहील' म्हणून जास्तीचे पैसे देणं म्हणजे कधीच न बांधायच्या मजल्यासाठी खांब उभे करणं.

त्यात गेल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमच्या किमती भडकल्या आहेत. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी आणि बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या. एएम५ घेतला की डीडीआर५ विकत घेणं आलंच, आणि त्या कागदावरची सगळ्यात फुगलेली ओळ तीच होती.

तिसरा रस्ता: मुरलेला सॉकेट

उरले दोन. एएम४, आणि डीडीआर४ च्या बोर्डवरचा एलजीए १७००. दोन्हींचं पुढचं आयुष्य संपत आलेलं. १७०० वर इंटेलची बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते, त्यापुढची नाही. एएम४ वरही आता नवी पिढी येणार नाही. पण दोन्हींवर आज नवे, वॉरंटीचे प्रोसेसर मिळतात, दोन्हींवर विंडोज ११ चालतं, आणि आत्याच्या कामाला दोन्हींतला साधा प्रोसेसरही भरपूर.

निवड कशी केली? घरात काय आहे ते बघून. २०२१ मध्ये मी माझ्या डेस्कटॉपची रॅम वाढवली, तेव्हा आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या काढून खणात ठेवल्या होत्या. त्या तशाच होत्या. आत्याचा मॉनिटर जुना, फक्त व्हीजीए केबलचा, पण पडदा स्वच्छ आणि तिच्या डोळ्यांना सवयीचा. आमच्या दुकानदाराकडे एच६१० चिपसेटचा एक बोर्ड होता, डीडीआर४ चा आणि व्हीजीए पोर्ट असलेला. त्यावर आय३-१२१००. चार कोअर, आठ थ्रेड, आणि ग्राफिक्स आतच.

यात एक बारीक अक्षर बघायचं असतं. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल, म्हणजे आय३-१२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं आणि वेगळं कार्ड लागतं. दोनएक हजार वाचवायला एफ घेतला की पडदा काळा. एएम४ कडे जाणाऱ्यांनीही हे बघावं. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे.

आणखी एक. १७०० सॉकेटचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा मोठा प्रोसेसर जुन्या बाजारातून घेत असाल तर जपून. त्यांच्यातल्या वरच्या मॉडेलांमध्ये व्होल्टेजमुळे बिघाडाची तक्रार होती. २०२४ मध्ये इंटेलने बायोसमार्फत दुरुस्ती दिली, पण आधीच झिजलेला प्रोसेसर दुरुस्तीने बरा होत नाही. बाराव्या पिढीला हा त्रास नाही.

काय राहिलं, काय गेलं

कॅबिनेट तेच ठेवलं. नवे मायक्रो एटीएक्स बोर्ड जुन्या कॅबिनेटच्या स्क्रूंवर व्यवस्थित बसतात. आतोबांचं लेबलही राहिलं. आत्याने हे बोलून दाखवलं नाही, पण कॅबिनेट बदलायचं नाही म्हटल्यावर तिने लगेच फडकं आणून ते पुसलं.

एसएमपीएस मात्र बदलला. बारा वर्षांच्या एसएमपीएसवर नवा बोर्ड लावू नये, तो जाताना एकटा जात नाही. शिवाय जुन्यात प्रोसेसरला वीज देणारा जोड चार पिनांचा होता, नव्या बोर्डवर आठ पिनांची जागा. एसएसडी नवी घेतली. विंडोजचं लायसन्स नवं घ्यावं लागलं. मशीनबरोबर आलेलं जुनं लायसन्स बहुधा त्या बोर्डलाच बांधलेलं असतं, म्हणून हा खर्च आधीच धरून चाला.

आणि कशालाही हात लावण्याआधी बारा वर्षांच्या स्मरणिकेच्या फायली दोन ठिकाणी उतरवल्या.

एक सावधगिरी सांगते. १७०० किंवा एएम५ च्या बोर्डवरचं प्लास्टिकचं झाकण प्रोसेसर बसवेपर्यंत जपायचं, आतली एक पिन वाकली तरी बोर्ड गेला. एएम४ मध्ये कूलर काढताना सरळ वर ओढायचा नाही. पेस्ट चिकटलेली असली की कूलरबरोबर प्रोसेसर उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं, बंद करायचं, मग कूलर हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवायचा.

सगळं मिळून कागदावरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास भागलं. दुकानदाराला दोष देणार नाही. त्याने चांगलं मशीन लिहून दिलं होतं, फक्त ते आत्याचं नव्हतं. ते कोणासाठी आहे हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, तरी मी 'बरोबर आहे' म्हणाले होते.

म्हणून तुमच्या हातात असा कागद आला तर सॉकेटच्या आधी तीन गोष्टी विचारा. आत्ता नक्की काय अडतंय, वेग, सुरक्षितता की नवं सॉफ्टवेअर? घरात वापरण्याजोगं काय आहे, रॅम, मॉनिटर, कॅबिनेट? आणि हा माणूस पुढे प्रोसेसर खरंच बदलणार आहे का? तिसऱ्याचं उत्तर मनापासून 'हो' असेल तर नवा सॉकेट घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. 'नाही' असेल तर मुरलेला सॉकेट घ्या आणि उरलेले पैसे जिथे लागायचे तिथे लावा.

आत्याचा उजवा डोळा फेब्रुवारीत झाला. पाडव्याच्या स्मरणिकेची प्रुफं तिने स्वतःच तपासली, आणि माझ्या लेखातल्या सात चुका काढल्या. त्यातल्या तीन ऱ्हस्व-दीर्घाच्या होत्या. फोनवर म्हणाली, "आता दूध तापायच्या आत हा उठून बसतो. मलाच घाई होते."

पुढच्या महिन्यात बॅकअपबद्दल बोलू. तोपर्यंत एक करा. विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा, आपल्या बोर्डचं आणि प्रोसेसरचं नाव एका चिठ्ठीवर लिहा आणि ती कॅबिनेटला चिकटवा. दुकानात जाताना तीच आधी लागते.